पाच वर्तुळं

प्रारंभिक

तपासणीला आलेल्या साहेबांचा बूट नेमका ‘प्रारंभिक’मधल्या ‘प्रा’वर पडला.

अनुजाबाईंनी सकाळीच गुडघ्यांवर बसून सातवीच्या फरशीवर खडूने पाच वर्तुळं काढली होती. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. ज्याला जेवढं वाचता येतं, त्याने त्या वर्तुळात बसायचं. मुलं बसली होती. सातवीची मुलं ती. गुडघे वर्तुळाबाहेर येत होते.

“पट?”

“वीस, सर.”

“काठावर आहात. एक गेला की वर्ग बंद, माहीत आहे ना?”

बाईंना माहीत होतं. नायगावच्या चाळी पाडायला घेतल्यापासून त्यांना झोपेतही तेवढंच माहीत असायचं. चाळीतली माणसं बिल्डरकडून भाडं घेऊन लांब लांब राहायला गेली, आणि जाताना पोरांचे दाखले घेऊन गेली.

“मग आता आहेत कोण?”

“चाळीतली सात उरलीत. शिवडीची कोळ्यांची चार. बाकीची समोरच्या टॉवरच्या कामावरची.”

“म्हणजे घरी मराठी नाही.”

“दिवसभर घरी कोणीच नाही, सर.”

अक्षर

कामावरच्या दिनेशने ‘भ’वर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसला.

“बोल, बेटा.”

“पहचानता है साब. नाम याद नहीं आ रहा.”

वर्ग हसला. साहेबही हसले. मोबाईलवर त्यांनी काहीतरी दाबलं आणि पुढे सरकले.

शब्द

इथे पूर्वी आणि अक्षता खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. पूर्वी शिवडीची, अक्षता चाळीतली. वर्षभर दोघी याच वर्तुळात.

बाईंनी अक्षताकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चेहऱ्यावर दिसलं असतं.

गेल्या महिन्यात त्या अक्षताच्या आजीला, जाईबाईंना, भेटायला चाळीत गेल्या होत्या. नातीचा दाखला एवढ्यात नेऊ नका, एवढंच सांगायला. जिन्यात असतानाच वरून आवाज आला. अक्षता आजीला बिल्डरची नोटीस वाचून दाखवत होती. कुठेही न अडखळता. ‘पुनर्वसन’ आणि ‘हस्तांतरण’ यांचा अर्थ सांगत, मध्येच “आज्जे, ऐकतेस ना?” म्हणून दटावत. बाई अर्ध्या जिन्यातून परतल्या. कोणालाच काही बोलल्या नाहीत.

कारण दिवाळीपर्यंत ‘गोष्ट’च्या वर्तुळात राजरत्न आणि शंतनु बसायचे. साहेबांनी दोघांचं वाचन ऐकलं, पाठ थोपटली आणि दोघांना परळच्या नव्या शाळेत पाठवलं. जो वाचतो तो जातो, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळलं. अक्षताला जरा जास्तच कळलं.

साहेबांनी तिच्या हातात वाचायचं कार्ड दिलं.

“ए... एका... गा... गावात...”

“पुढे?”

“डों...”

“डोंगर आहे गं, डोंगर,” पूर्वी कुजबुजली. तो शब्द तिला या आठवड्यातच यायला लागला होता.

“डोंगर,” अक्षता म्हणाली, आणि वर बघून थांबली. साहेबांकडे नाही. बाईंकडे.

सर, ही वाचते. एवढंच म्हणायचं होतं. एक पोरगी सुटली असती, बाकीचा वर्ग गेला असता. बाई खिडकीकडे वळल्या. समोरच्या टॉवरवर कुणीतरी सळया खाली टाकत होतं.

परिच्छेद

(इथे कोणी नाही.)

गोष्ट

साहेब रिकाम्या वर्तुळाच्या मधोमध उभे राहिले.

“इथेही कोणी नाही?”

“नाही, सर.”

“एक पोर नाही?” त्यांनी चष्मा वर सरकवला. “बाई, पट वीस होता, मी वर काहीतरी सांगितलं असतं. पण सातवीचा वर्ग आणि एकालाही गोष्ट वाचता येत नाही? मग वर्ग ठेवायचा कशाला, असं विचारतील मला. जूनपासून भायखळ्याच्या शाळेला जोडू.”

“ही भायखळ्याला जायची नाहीत, सर. घरी बसतील.”

“मग वाचायला शिकवायचं होतं.”

“दोघं वाचत होते. तुम्ही नेलेत.”

“त्यांचं भलंच केलं की.” साहेब मोबाईलवर अंगठा फिरवत दाराकडे निघाले.

तेवढ्यात अक्षता उठली. मधलं रिकामं वर्तुळ ओलांडून ‘गोष्ट’मध्ये जाऊन उभी राहिली. कार्ड तिच्या हातातच होतं.

“एका गावात डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी राहत होती. तिच्या अंगणात रोज एक कावळा येई...”

स्वल्पविरामाला ती थांबत होती. म्हातारीला वेगळा आवाज देत होती, कावळ्याला वेगळा. दिनेश तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

साहेब दारात थांबले. तीन वाक्यं त्यांनी नीट ऐकली आणि कौतुकाने मान हलवली.

“छान पाठ करून घेतलंय. पण आम्ही ओळखतो हो, बाई.”

“दुसरं कार्ड द्या तिला! कुठलंही द्या, सर.”

“आता गेली माहिती. बदलता येत नाही ती.”

बूट जिना उतरू लागले. अक्षता थांबली नाही. कावळा उडाला, म्हातारी आत गेली, गोष्ट संपली. मग तिने कार्ड खाली घेतलं आणि पूर्वीकडे पाहिलं.

पूर्वीने ‘शब्द’मध्ये बसल्या बसल्या पाय जवळ ओढून घेतले.

“तुला येतं?” ती म्हणाली. “पहिल्यापासून?”