दुपारी चारपर्यंत खोली

"उशी बरी आहे, पण नळ गळतोय," बाथरूममधून तपासनीसांचा आवाज आला. "मागच्या हॉटेलात नळ चांगला होता आणि उशी दगडासारखी. म्हणजे फिट्टंफाट."

"ते राहू द्या. खोली कधी सोडायची ते विचारलंत का?" बायकोने विचारलं.

नव्हतं विचारलं. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेले तपासनीस निवृत्त झाल्यावर हॉटेलं तपासत होते. साबणाची वडी तळहातावर झेलून बघायचे, गादीत मूठ दाबून बघायचे. मुख्य प्रश्न तेवढा विसरायचे. मग बायको त्यांना घेऊन खाली जायची.

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं. "अभिनंदन काका, या मुक्कामाने तुम्ही सिल्व्हर मेंबर झालात. फोन, ई-मेल सगळं तेच ना?"

"तेच," तपासनीस म्हणाले. ई-मेल लेकाने विजेच्या बिलासाठी काढून दिला होता. तो उघडायच्या फंदात ते कधी पडले नव्हते. "पण सिल्व्हर म्हणजे मिळतं काय? त्या दुसऱ्या हॉटेलात नाश्ता फुकट आहे. वर फळं."

"आमच्याकडे खोली दुपारी चारपर्यंत मिळते."

"आणि ते बाराच्या ठोक्याला बाहेर काढतात," बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आपल्याला चारच वाजायला हवेत. फळं घरी खा."

मुलीला नवल वाटलं. लोक पोहण्याचा तलाव विचारतात, वरचा मजला मागतात. ही दोघं मात्र दर खेपेला खोली किती उशिरा सोडता येईल तेवढंच विचारत आणि बाहेर पडायचं नाव घेत नसत. "काकू, जवळच संग्रहालय आहे. बघून या ना."

"बघितलंय," बायको म्हणाली. बघितलं होतं खरं, पण शाळेच्या सहलीबरोबर. कारण हे शहर त्यांचंच होतं आणि घर इथून बसने अर्ध्या तासावर.

घर दोन खोल्यांचं. मधली भिंत इतकी पातळ की अलीकडे कूस बदलली तर पलीकडे कळावं. लेकाच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. सून गुणी, पण घरात सतत दबक्या आवाजात बोलायची. माहेरी ती खळखळून हसते, असं विहीणबाई सहज बोलून गेल्या आणि ते सासूच्या मनाला लागून राहिलं. शेजाऱ्यांचा मुलगा असाच गुपचूप वेगळा राहायला गेला होता. आपलाही गेला तर? एकुलता एक.

पण बोलणार कसं? 'तुम्हाला एकांत मिळावा म्हणून आम्ही बाहेर जातो' असं कुठली सासू सुनेला तोंडावर सांगेल? झाकली मूठ बरी. म्हणून दोघांनी म्हातारपणी फिरण्याचं वेड लागल्याचं सोंग घेतलं. महिन्यातून एकदा बॅग भरायची, कुठल्यातरी गावाचं नाव सांगायचं आणि इथे येऊन बसायचं. मग एके दिवशी लेकाच्या फोनवर भाड्याच्या जागांच्या जाहिराती दिसल्या. तेव्हापासून दोघं दर शनिवारी निघू लागली. पेन्शनला हे झेपेना, म्हणून मेंबर होणं आलं आणि फुकटच्या मुक्कामांसाठी दोन हॉटेलांची तुलना करणं आलं.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "आई, पोचलात ना नीट? थंडी आहे का तिकडे?"

"आहे जराशी."

सून म्हणाली, "शाल घ्या. आणि सावकाश या, अजिबात घाई करू नका."

फोन ठेवून बायको नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? घाई करू नका म्हणाली. पोरं सुखात आहेत हो." तिचे डोळे भरून आले. तपासनीसांनी तिला बरी उशी दिली आणि स्वतः दुसरी घेतली.

रविवारी त्यांनी चारला किल्ली परत केली, बागेत थोडं बसले आणि दिवेलागणीला घरी पोचले. जिन्यातच हसू ऐकू आलं. सुनेचं, मोकळं, खळखळून. बायकोने तपासनीसांचा दंड घट्ट धरला. शेजारीण भेटली असती तर बायकोने तिलाही ते हसू कौतुकाने ऐकवलं असतं.

जेवण झालं. सगळं सासूच्या आवडीचं होतं. हात धुऊन आल्यावर लेक म्हणाला, "बाबा, सिल्व्हर मेंबर झालात म्हणे."

तपासनीसांचा हात टॉवेलमध्येच राहिला.

"हॉटेलांचे मेल माझ्या फोनवर येतात. पहिल्या वेळेपासून." त्याने मान खाली घातली. "आम्हाला आधीच कळायला हवं होतं. आमच्यामुळे तुम्हाला दोघांना घरात जरा एकत्र बसायची सोय राहिली नाही."

"अरे, तसं नाही रे," आई कशीबशी म्हणाली.

"आई, यात लाजायचं काय," सून तिच्याजवळ येऊन बसली. "मला इथून जावंसं वाटत नाही, खरंच सांगते. तुमच्यासारखी माणसं कुठे मिळणार? पण या वयात तुम्ही चोरून हॉटेलात राहायचं, हे आमच्याने बघवेना." तिने सासूचा हात हातात घेतला. "काल-आज दिवसभर फिरून जागा पक्की करून आलो. आता हे घर तुम्हा दोघांचंच."