फणसाची तारीख

हे लिहिणारच नव्हतो, कारण विश्रामकाकांना कळलं तर ते माझ्यावरही केस टाकतील.

देशभर मतदान होतं: कोर्टाने प्रत्येक खटला वर्षभरात निकाली काढावा का? काकांना ‘हो’च म्हणायचं होतं. बांधावरच्या फणसासाठी शेजारच्या अनाजीशी त्यांचा खटला जवानीपासून चालू. पण तारखेला दोघं एकाच स्कूटरवरून तालुक्याला जायचे, पुढची तारीख घ्यायचे आणि मिसळ हाणून परत यायचे.

मतदानालाही तसेच गेले. बटणाजवळ काकांचं बोट थबकलं. खटला संपला, तर या वयात दोघांच्या सुना त्यांना तालुक्याला जाऊ देणार कशाला? त्यांनी गुपचूप ‘नाही’ दाबलं.

बाहेर अनाजी चोरासारखा उभा.

“काय दाबलंस रे?” काकांनी विचारलं.

“तू आधी सांग.”

“‘नाही’ दाबलं.”

“मीपण!”

तरी देशाने ‘हो’च म्हटलं. बातम्या बघून अनाजीचा चेहराच उतरला. “विश्राम, संपलं रे आपलं.”

“गप रे. फणस तुला मिळाला तर मी अपील करतो,” काका म्हणाले. “आणि मला मिळाला, तर तुझं अपील मी स्वतः वकिलाकडून लिहून आणतो. शब्द आहे माझा.”