पाखराचा दिवा

दिवा कालपासून विझला नव्हता.

चुलीमागच्या भिंतीवर अर्जुनानं बॅटरीचा एक इवलासा बल्ब बसवला होता. एरवी तो दिवसातून कितीदा तरी विझायचा आणि पुन्हा लागायचा. आज मात्र सकाळ झाली तरी तो तसाच जळत होता. अर्जुनानं चूळ भरता भरता आत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"आजून बसलीया?"

बयाबाई भाकरी थापत होती. तिनं दिव्याकडं न बघता नुसती मान हलवली.

"आता उठायची न्हाई ती," अर्जुना म्हणाला. "अंडी फुटायच्या बेतात आसतील. आई हाय ती. आशी सोडून जाईल व्हय?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. बयानं भाकरी तव्यावर टाकली.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा अर्जुना जतकडचं गाव सोडून बायकोसह कुपवाडला आला होता. मोटार वाइंडिंगच्या एका वर्कशॉपमध्ये तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता तो विजेचं काम शिकला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर बयाला दिवस गेले. दिवस भरत आले, आणि मूल पोटातच गेलं. मुलगी होती. दवाखान्यातून परत आल्यापासून बयाचं बोलणं संपलं. स्वयंपाक करायची, पाणी भरायची आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसायची. अर्जुना संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा ती सकाळच्याच जागी असायची. तिच्याशी काय बोलावं हे त्याला कळत नसे. बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. जे काय जमायचं ते हातानं.

फाल्गुनात परसातल्या शेवग्यावर दयाळ पक्ष्याची जोडी येऊ लागली. नर पहाटेपासून शीळ घालायचा. एकदा ती शीळ ऐकून बयानं मान वर केली. एवढंच. पण अर्जुनानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्कशॉपमधून मोडक्या खोक्याच्या फळ्या आणल्या. पेटी केली, पुढं भोक ठेवलं, वर उघडणारं झाकण बसवलं. तळाला पत्र्याची हलकी पट्टी पातळ स्प्रिंगवर बसवली. घरट्याच्या आणि अंड्यांच्या भारानं ती दबायची नाही. पाखरू येऊन बसलं, तरच ती खालच्या तारेला टेकायची. पेटी त्यानं चुलीमागच्या भिंतीला परसाकडून ठोकली; भिंतीतून आत नेलेल्या त्या तारेनं घरातला बल्ब लागायचा. हे जमेपर्यंत त्यानं किती स्प्रिंगा वाया घालवल्या!

"काय करताय ह्ये?" बयानं विचारलं होतं. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती.

"पाखरू घरात हाय का भायेर, ते तुला हितं बसून कळंल."

दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा तिनंच त्याला हाक मारली. "आवं, आली बगा!" मग घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. पाखराचंच, पण बोलणं. आज ती लवकर उठून गेली. आज लय वेळ बसली. अंडी घातली असतील. अर्जुना वर्कशॉपमध्येही तेच सांगत सुटला. शेजारचा नानासो मुद्दाम दिवा बघायला आला आणि त्यानं कौतुक केलं, तेव्हा अर्जुना मोठ्यानं हसला.

आज त्याला सुट्टी होती. भाकरी खाताना त्याच्या लक्षात आलं, दिवा मंद होत चालला होता. तो उठला आणि फळीवरचे नवे सेल काढायला लागला.

"ऱ्हाऊ द्या की," बया म्हणाली. "कशाला बदलताय?"

"आगं, पिल्लं निघायच्या वक्ताला दिवाच गेला तर?"

त्यानं सेल बदलले. दिवा लख्ख झाला. आता तारेचा जोड तेवढा बघून घ्यावा म्हणून तो परसात गेला. नर शेवग्यावर बसून एकसारखा ओरडत होता. पेटीखालच्या भिंतीवर मुंग्यांची रांग होती. रांग वर चढत होती आणि भोकातून आत जात होती.

अर्जुनानं स्टूल ओढलं. झाकण उघडलं.

मादी अंड्यांवर बसलेली होती. पंख थोडे पसरलेले, चोच काड्यांत खुपसलेली. डोळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. अंगावर जखम नव्हती. त्यानं तिला उचललं. खालची अंडी गार पडली होती.

तो खाली उतरला तेव्हा बया दारात उभी होती. त्याच्या ओंजळीत काय आहे हे तिनं विचारलं नाही.

"तुला ठावं हुतं?" अर्जुनानं विचारलं.

"काल दुपारपास्नं. जितं हाय ते हालतंय. एवढा येळ कुणी हालल्याबिगर बसत न्हाई."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लय खूश हुता."

अर्जुनाला एकदम राग आला. "मी खूश हुतो म्हणून गप बसायचं? कालच सांगितलं आसतंस तर अंडी तरी काढून उबेला ठेवली आसती. त्यातलं येखादं जगलं आसतं!"

बयानं त्याच्या ओंजळीतलं पाखरू आपल्या पदरात घेतलं.

"तवाबी तुमी आसंच खूश हुता," ती म्हणाली. "पाळण्याला रंग देत हुता. पोटातली पोर हालायची थांबली, आन् मी तुमाला सांगितलंच न्हाई."