भोंग्याची सवय

"डीजेवाले हाच नेतात, ताई. छाती हलते," दुकानदार मोठ्या स्पीकरवर थाप मारत म्हणाला.

"माझी हलून झालीय," मावशी म्हणाली.

लग्नाच्या बँडमध्ये ती भोंग्यातून वर्षानुवर्षं ओरडून गायली होती. आता असंच गायलात तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी बॅटरीवरचा छोटा स्पीकर लावून त्याच्या माइकवर दोन ओळी म्हटल्या. त्यात शब्द स्वच्छ येत होते. मावशीने माइक घेतला आणि सवयीने मान ताणून सूर लावला. स्पीकरवरचा लाल दिवा पेटला, आवाज फाटला.

"बघ, याला झेपत नाही."

"झेपतं. मला झोपवताना गायचीस, तसं गा."

ती हळूच गायली. आवाज दुकानभर पोचला. तिने गळ्यावर हात ठेवून पाहिला. दुखत नव्हतं.

"अजून एक कडवं म्हणून बघू?"

दुकानदाराने उठून पंखा बंद केला.