पंखा घेतलास ना?

"पंखा घेतलास ना?" घरातून निघताना नवऱ्यानं, ऑक्टाव्हियोनं, इतकं भंडावून सोडलं, की एर्मेलिंदानं चिडून पंखा मुद्दाम घरीच ठेवला. "माझ्याशी नाचायचंय की पंख्याशी?"

वेराक्रूझच्या चौकात दान्सोनचा जोडीनाच रंगला. विसाव्याची धून आली तशा रिवाजाप्रमाणे सगळ्या जोड्या थांबल्या, बायका पंखे उघडून वारा घेऊ लागल्या. ऑक्टाव्हियो मात्र नाचतच राहिला. लोक हसले.

"चाळीस वर्षं नाचतोयस, अजून विसावा कळत नाही? बहिरा झालास का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

त्याची नजर बायकोच्या रिकाम्या हातावर खिळली होती.

एर्मेलिंदानं शेजारणीचा पंखा हिसकावून उघडला. तो लगेच थांबला.

"मेल्या, सांगायचं नाही का?" ती पुटपुटली.

धून पुन्हा बदलली. तिनं फटकन पंखा मिटला, आणि त्याचं पाऊल अगदी तालावर पडलं.