पुन्हा करा

खंडेराव आण्णांनी नारळ फोडला आणि त्यातलं निम्मं पाणी मोठ्या भक्तिभावानं यंत्रावर ओतलं.

संख्याशास्त्र शिकवणारी लता निकाळे जागेवरून अर्धवट उठली. तिच्या विभागातलं हे आकडेमोडीचं यंत्र, हातानं दांडा फिरवायचं, दोघांनी उचलावं इतकं जड. गेल्या पावसाळ्यात वारलेल्या गायधनी सरांनी ते लेकरासारखं जपलं होतं. विभागातली बाकीची यंत्रं केव्हाच मोडून पडली होती, चालणारं हे एकच. सोमवारी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि इथे भर सभागृहात त्याला हळदकुंकू, हार, सगळा साजशृंगार चाललेला. बाजूला काचेची नवीकोरी पेटी उघडी ठेवली होती. तिच्यावरच्या पितळी पाटीवर कोरलं होतं, ‘अचूकतेच्या उपासकाला संस्थेचं अभिवादन. सेवाकाल १९५१ ते १९७९.’

प्राचार्य माइकवर बोलत होते. “चुकलेल्या गणितावर सरांनी कधी फुली मारली नाही. लाल पेन्सिलीनं दोनच शब्द लिहायचे, ‘पुन्हा करा’. केवढी ही माया!” एवढं बोलून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. रुमाल कोरडाच होता. सर असताना या गृहस्थांनी विभागाची पायरीदेखील चढली नव्हती.

ते खाली बसताच लता त्यांच्या कानाशी वाकली. “सर, परीक्षा होईपर्यंत तरी पेटीत नका ठेवू. मुलं काय बोटांवर मोजणार?”

“मॅडम, हे स्मारक आहे. स्मारकावर गणितं करतात का कुणी?” प्राचार्य हसले. त्यांना तो विनोद वाटला होता.

सहादू शिपाई पूजेचं ताट घेऊन तिच्याकडे वळला, तसं प्राचार्यांनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. “त्यांच्याकडे नको. त्यांच्यात कुंकू चालत नाही.” हे त्यांनी इतक्या हळू आवाजात सांगितलं, की पहिल्या तीन रांगांना नीट ऐकू गेलं. लता बौद्ध होती, कुंकवाला हात लावत नव्हती, हे खरंच. पण प्राचार्यांना काळजी तिच्या धर्माची नव्हती, ताटाची होती.

संस्थेचे अध्यक्ष म्हणून पूजेचा मान आण्णांचा. त्यांनी मूठभर अक्षता उधळल्या. आकड्यांच्या फटींतून तांदूळ आत गेले.

“अहो, आत दातेरी चाकं आहेत!” लताला राहवलं नाही.

कुणी वळूनही पाहिलं नाही. भटजींनी मंत्राचा आवाज तेवढा चढवला.

मग आण्णांच्या हस्ते शेवटची आकडेमोड. सरांची अठ्ठावीस वर्षं गुणिले बारा महिने. “मॅडम, आकडा लावून द्या,” प्राचार्य म्हणाले. त्याला मात्र तिचा हात चालत होता. तिनं अठ्ठावीस लावले.

“आण्णा, घड्याळाचे काटे फिरतात तसा फिरवा. बारा वेळा. आणि हळू.”

“मला शिकवती का बाई? दिंडोरीला मळ्यात रोज सकाळी इंजिनाला हँडल मारतो मी. असली लय यंत्रं पाह्यलीत.”

आण्णांनी बाह्या सरसावल्या, पाय रोवले आणि दांडा उलटा हाणला.

टिंग!

दांडा उलटा गेला आणि उत्तर शून्याच्या खाली घसरलं, की यंत्रातली ती घंटी वाजते. थांबा, चुकताय, एवढंच तिला सांगायचं असतं. इथे घंटी वाजली म्हटल्यावर पहिल्या रांगेनं हातच जोडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आण्णांना चेव आला. त्यांनी आणखी एक हिसका दिला, तसं आत काहीतरी मोडलं आणि दांडा अडकला तो अडकलाच. वरच्या छोट्या खिडक्यांत आकडे थांबले. नऊ, नऊ, नऊ, नऊ, आणि शेवटी बहात्तर.

“पाहा, पाहा!” प्राचार्य माइककडे धावले. “सगळीकडे नऊच नऊ! सरांची कीर्ती मोजता येत नाही, हे यंत्रसुद्धा सांगतंय!”

पुन्हा टाळ्या. प्राध्यापकांची अख्खी रांग टाळ्या पिटत होती, त्यात गणिताचे दोघंही होते. तीनशे छत्तीस हा आकडा एकाच्याही तोंडून निघाला नाही. लताला त्या सगळ्यांची किळस आली.

गर्दी चहा-चिवड्याकडे वळली, तेव्हा तिनं दांडा हलवून पाहिला. तो तसूभरही हलला नाही.

“बिघडलं ना? मग आता पेटीतच शोभेल,” असं म्हणत प्राचार्यांनी दोन शिपायांकरवी यंत्र आत ठेवून घेतलं आणि स्वतः कुलूप लावलं. “मुलांना म्हणावं, पाढे पाठ करा.” किल्ली खिशात टाकून ते आण्णांना जीपपर्यंत सोडायला धावत गेले.

सभागृह रिकामं झालं. काचेआड नवांची रांग लखलखत होती आणि तिच्या खाली अचूकतेच्या उपासकाला अभिवादन. लता बघत उभी राहिली. सोमवारी मुलांना तोंड कसं दाखवायचं, ते तिला कळत नव्हतं. सरांना तर दाखवायची सोयही उरली नव्हती.

सहादू ताट उचलून निघाला होता.

“सहादू, ते इकडे आण.”

“आवो बाई, पर तुमाला…”

तिनं नारळाच्या कवडीतल्या उरलेल्या पाण्यात बोट ओलं केलं, जन्मात पहिल्यांदा कुंकवात बुडवलं, आणि काचेवर, त्या आकड्याच्या बरोबर खाली, दोन शब्द लिहिले.

पुन्हा करा.