स्वच्छ अंगणाचं फाटक

फाटकावरचा दिवा लाल होता आणि एमोके बाकोश हॉर्नवरचा हात काढत नव्हती.

चौकीतून झिगाकाका सावकाश बाहेर आला. एमोकेने काच खाली केली तसा लसणाचा वास त्याच्या नाकात शिरला. शेजारच्या सीटवर चौकड्यांच्या फडक्यात बांधलेलं ताट होतं. फडक्यातून लालसर तेल पाझरत होतं.

“तेरकाकडचं?” त्याने विचारलं.

“आज डुक्कर कापलं त्यांनी. मावशी रस्त्यात आडवी उभी राहिली. काय करणार होते मी?”

झिगाकाकाने मान हलवली. घरात डुक्कर कापलं की सोयऱ्याधायऱ्यांना ताट जायचंच, आणि ते नाकारणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. त्यातून तेरकामावशीचा मुलगा याच कंपनीत होता. शरदात त्याच्या डब्यात घरचं सॉसेज सापडलं आणि एमोकेने त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तेव्हापासून अबोला. आज मावशी म्हणाली, “पोराला हाकललंस, आता माझं ताटही हाकल.” मग एमोके अंगणात गेली, दोन घास खाल्ले. दोघी रडल्या. बरं वाटलं.

घोटाळा एवढाच झाला, की डुक्कर कापलेल्या अंगणात ज्याचा पाय पडला त्याने दोन दिवस या फाटकाच्या आत यायचं नाही, हा नियम एमोकेचाच होता. डुकरांचा ताप माणसाला काही करत नाही. पण बुटाच्या चिखलातून, सॉसेजच्या एखाद्या तुकड्यातून तो शेडमध्ये शिरला, की पुढे फक्त खड्डे खणायचे. ही भीती विकूनच तर कंपनी मोठी झाली. सुरुवात बूट बुडवायच्या एका हौदाने, वडिलांच्या गॅरेजमध्ये. आता फाटकं, फवारे, न्हाणीघरं, कॅमेरे, आणि अर्ध्या हंगेरीत गिऱ्हाइकं. कंपनीचं नाव ‘स्वच्छ अंगण’. आज ऑर्मोशसाहेबांनी सही केली की सर्बिया आणि रोमानियातली त्यांची सगळी डुक्करपालन केंद्रं तिची गिऱ्हाइकं होणार होती. त्या भरवशावर तिने नव्या कारखान्याचा पाया खणून ठेवला होता. सही झाली नाही तर जुना कारखानाही त्याच खड्ड्यात जाणार होता.

“साहेब आले?”

“केव्हाच. आंघोळ करून, कंपनीचे कपडे चढवून बसलेत. आत दागिना चालत नाही, आणि लग्नाची अंगठी निघेना हो त्यांची. बायको गेली तेव्हापासून काढली नव्हती म्हणे. मी म्हटलं, साहेब, राहू द्या. तर माझ्यावरच डाफरले. साबण लावून ओढली, बोट सोलवटलं. चौकीत ठेवलीये बशीत.”

एमोकेला हायसं वाटलं. असंच गिऱ्हाईक तिला हवं होतं.

“उघडा काका.”

“दिवा हिरवा होणार नाही, बाई. आज तुम्हाला आत येता येत नाही. फोनवर बोला की त्यांच्याशी.”

“एवढे पैसे फोनवर कोण देतं? हाताने उघडा.”

“तो दांडा आग लागली तरच फिरवायचा.”

“मग लागली समजा. मालकीण मी की तुम्ही?”

झिगाकाकाने तिच्याकडे बघितलं आणि दांडा फिरवला. दिवा लालच राहिला. एमोकेने ताट त्याच्या हातात दिलं. “घ्या, तुम्हीच खा.”

“नको बाई. मला नोकरी टिकवायचीये.” त्याने ताट फाटकाबाहेरच्या खांबावर नेऊन ठेवलं.

एमोकेने आत जाऊन आंघोळ केली. घाईघाईत केली, पण केली. मनाचं समाधान.

बैठकीत ती छान बोलली. काचेपलीकडे, कंपनीच्या नमुन्याच्या शेडमध्ये, माद्या पिलांना पाजत पडल्या होत्या. तिने भिंतीवरचा मोठा पडदा दाखवला. तीन देशांतली सगळी फाटकं उद्या या एका पडद्यावर येणार. कोण आलं, कुठल्या दिव्यावर आलं, इथे बसून दिसणार.

ऑर्मोशसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग थांबले.

“गेल्या वर्षी माझं एक अख्खं केंद्र मातीत गेलं. ताप कुणी आणला ते आजवर कळलं नाही. हे असतं तर कळलं असतं?”

“त्याच मिनिटाला,” एमोके म्हणाली.

“मग आजचंच दाखवा. मी कसा दिसतो ते बघू.”

तिचा हात टेबलावरच राहिला. शेजारी तिचा इंजिनिअर बसला होता. बिचारा उत्साही. त्याने बटण दाबलं.

ऑर्मोशसाहेब हिरव्या दिव्याखाली. त्यांचा वकील हिरव्या दिव्याखाली. मग लाल दिवा, दांडा फिरवणारा झिगाकाका, त्याच्या हातात चौकड्यांचं फडकं, आणि गाडीच्या काचेतून एमोकेचा चेहरा. कॅमेरा उत्तम होता. तिनेच निवडला होता.

इंजिनिअरने पडदा बंद केला, पण उशीर झाला होता.

“मावशीकडे डुक्कर कापलं होतं,” एमोके म्हणाली. खोटं बोलायला आता जागाच नव्हती. “तिथून आले मी. फोनवर तुम्ही ऐकून घेणार नाही असं वाटलं.”

“फाटकाबाहेरून फोन केला असतात,” म्हातारा म्हणाला, “तर तिथे चालत येऊन सही केली असती.”

त्याने पेनाला टोपण लावलं. सोललेलं बोट अंगठ्याने चोळलं.

“माझी अंगठी मागवा.”